गाडी यार्डात, पॉलिसी तुमच्या नावावर: ईव्हीचं वेटिंग आणि इन्शुरन्स

ज्यांना हा भाग कानात हेडफोन घालून ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी ही लेखी आवृत्ती. बोलताना झालेले "म्हणजे", "अॅक्च्युअली" तेवढे काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.

सुरुवात एका व्हॉइस नोटपासून. माझ्या मावसभावाने इलेक्ट्रिक कार बुक केली होती. दोन महिने वेटिंग झालं आणि एका संध्याकाळी त्याचा मेसेज आला: "अरे, गाडी आली! शोरूमवाला म्हणतोय इन्शुरन्सचे पैसे आजच भर, परवा पासिंग करून टाकतो. पण आई म्हणते पितृपक्षात गाडी घरात नको. मग तो म्हणाला, काही प्रॉब्लेम नाही, पासिंग करून ठेवू, डिलिव्हरी दसऱ्याला घ्या. भरू ना पैसे?"

मी म्हटलं, "दादा, थांब. आज भरू नकोस."

का थांब म्हटलं, तेच आजच्या भागात समजून घेऊ.

आधी क्रम समजून घ्या

नवीन गाडीचा क्रम असा असतो. तुमच्या नावाने बिल बनतं. मग इन्शुरन्स. मग आरटीओ पासिंग, कारण इन्शुरन्सशिवाय पासिंग होत नाही. मग हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, आपल्या ईव्हीची हिरवी, पांढऱ्या अक्षरांची. आणि मग चावी, पेढे, फोटो.

म्हणजे पॉलिसी गाडी हातात येण्याच्या आधीच सुरू होते. दोन-चार दिवसांचं अंतर असेल तर चालतं, ते टाळता येत नाही. पण दादाच्या बाबतीत बघा. पितृपक्षाचे पंधरा दिवस आणि त्यानंतर दसऱ्यापर्यंतचे नऊ-दहा दिवस. जवळजवळ साडेतीन आठवडे गाडी शोरूमच्या यार्डात, पण कागदावर मालक दादा.

त्यात तीन गोष्टी घडतात. एक, वर्षभराच्या पॉलिसीतले साडेतीन आठवडे गाडी न चालवताच संपतात. दोन, लोनचे पैसे बँकेने सोडले की व्याज सुरू, गाडी दारात असो वा नसो. तीन, आणि हीच खरी मेख: त्या दिवसांत यार्डात गाडीला कुणी ठोकलं, पाणी शिरलं, तर "इन्शुरन्स आहे ना तुमचा, क्लेम टाकू" हे वाक्य ऐकायला मिळू शकतं. क्लेम तुमच्या पॉलिसीवर, आणि पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनस गेला. तेच पॉलिसी निघायच्या आधी गाडीला काही झालं, तर तो शोरूमचा प्रश्न असतो. गाडी अजून त्यांची असते.

म्हणून पहिला नियम: आधी गाडी डोळ्यांनी बघा, मग पैसे भरा. दिवसाउजेडी जा. चॅसी नंबर बिलावरच्या नंबराशी जुळवा. बनल्याचा महिना-वर्ष बघा. रंग, काचा, टायर, चार्जिंग पोर्ट, ओडोमीटर, सगळ्याचे फोटो काढा. आणि पासिंगची तारीख मुहूर्ताच्या जवळची मागा. शोरूमला महिनाअखेरचं टार्गेट असतं, म्हणून घाई असते. ती त्यांची घाई आहे, आपली नाही.

पॉलिसीत असतं काय?

नव्या कारच्या पॉलिसीचे दोन मुख्य भाग. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार हा सक्तीचा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारसाठी तो एकदम ३ वर्षांचा घ्यावा लागतो. दुसरा भाग ओन डॅमेज, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान, चोरी, आग, पूर वगैरे. हा कायद्याने सक्तीचा नाही, आणि साधारणपणे १ वर्षाचा मिळतो. लोन असेल तर बँक तो घ्यायला लावतेच.

थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं, तो सगळ्या कंपन्यांचा सारखाच. तिथे घासाघीस नाही. पेट्रोल गाडीला तो इंजिनच्या सीसीवर ठरतो, ईव्हीला मोटरच्या किलोवॉटवर. इथे बरेच जण गोंधळतात. बॅटरी मोजतात किलोवॉट-अवरमध्ये, ती विजेची टाकी समजा. मोटरची ताकद किलोवॉटमध्ये. प्रीमियम टाकीवर नाही, ताकदीवर.

जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार ३ वर्षांचा थर्ड पार्टी प्रीमियम असा: ३० किलोवॉटपर्यंत ५,५४३ रुपये, ३० ते ६५ किलोवॉट ९,०४४ रुपये, ६५ च्या वर २०,९०७ रुपये. यावर १८ टक्के जीएसटी वेगळा. पेट्रोल-डिझेलच्या तशाच गटापेक्षा हा १५ टक्के कमी आहे. कोटेशनमध्ये हा आकडा तपासायला एक मिनिट लागतं. तो चुकला असेल, तर बाकीचे आकडेही नीट बघा.

आयडीव्ही म्हणजे काय?

गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली, तर कंपनी जास्तीत जास्त देते ती रक्कम म्हणजे आयडीव्ही. नव्या गाडीला ती एक्स-शोरूम किमतीपेक्षा ५ टक्के कमी धरतात. १६ लाखांची गाडी असेल तर १५ लाख २० हजार. आयडीव्ही कमी दाखवली की प्रीमियम स्वस्त दिसतो, म्हणून स्वस्त कोटेशन आलं की आधी ही ओळ वाचा.

दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, तर गाडी टोटल लॉस धरतात. ईव्हीला हे लक्षात ठेवायला हवं, कारण गाडीतला सर्वांत महाग भाग, म्हणजे बॅटरी, पोटाखाली असते. दगडावर किंवा उंच स्पीडब्रेकरवर खालून मोठा दणका बसला आणि बॅटरी पॅक बदलायची वेळ आली, तर बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या गाडीचंही बिल तिथवर जाऊ शकतं. अशा वेळी रिटर्न टू इन्व्हॉइस हे अॅड-ऑन कामाला येतं. ते आयडीव्ही आणि बिलाची किंमत यातला फरक भरून देतं.

बॅटरी, पाणी, चार्जर: तीन प्रश्न लेखी विचारा

वेटिंगच्या दिवसांत दोन-तीन कंपन्यांची कोटेशन मागवा आणि प्रत्येकीला ईमेलवर हे तीन प्रश्न विचारा. फोनवरचं "हो हो सर, सगळं कव्हर आहे" क्लेमच्या वेळी दाखवता येत नाही.

पहिला, बॅटरीवर घसारा किती? साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिक आणि बॅटरी या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. हा नियम पेट्रोल गाडीच्या छोट्या बॅटरीच्या काळातला. तोच तुमच्या मोठ्या बॅटरीला लावला आणि समजा ४ लाखांचं काम निघालं, तर २ लाख तुमच्या खिशातून. झिरो डेप घेतलं की ही कपात टळते. पण त्यात गाडी चालवणारी मुख्य बॅटरी नावानिशी धरली आहे का, आणि वर्षात किती क्लेम चालतात, हे वाचून घ्या.

दुसरा, पाणी. पूर हा धोका ओन डॅमेजमध्ये असतो. पण पॉलिसीत असंही लिहिलेलं असतं, की यांत्रिक किंवा इलेक्ट्रिकल बिघाड आणि मागाहून झालेलं नुकसान धरणार नाही. उभ्या गाडीत पाणी शिरलं, तर क्लेम सरळ असतो. साचलेल्या पाण्यातून गाडी दामटली आणि नंतर शॉर्ट सर्किट झालं, तर वाद सुरू होतो. पेट्रोल गाडीला यासाठी इंजिन प्रोटेक्ट असतं, ईव्हीला बॅटरी आणि मोटरचं वेगळं अॅड-ऑन. ज्यांनी मुंबईचा जुलै २००५ पाहिलाय किंवा घरच्यांकडून ऐकलाय, त्यांना हे जास्त समजवायला नको. आणि हो, पाण्यात अडकलेली ईव्ही स्वतः पुन्हा चालू करून बघू नका. रोडसाइड असिस्टन्सला फोन करा.

तिसरा, चार्जर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीवर बसवलेला चार्जर गाडीचा भाग आहे की नाही? साध्या पॉलिसीत तो आपोआप येतो असं धरून चालू नका. काही कंपन्या अॅड-ऑन देतात. चार्जरचा सीरियल नंबर आणि बिल जपून ठेवा.

एक गल्लत टाळा. वॉरंटी आणि इन्शुरन्स वेगळे. बॅटरी आतून, आपसूक बिघडली तर वॉरंटी. बऱ्याच कंपन्या ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर देतात. बाहेरून मार बसला, आग लागली, पाणी शिरलं तर इन्शुरन्स. वॉरंटी कोणत्या तारखेपासून मोजणार, हेही वेटिंगमध्येच विचारा. पासिंग लवकर उरकलं, तर तिथेही दिवस जाऊ शकतात.

शोरूमकडूनच घ्यायला हवा का?

नाही. इन्शुरन्स कुठून घ्यायचा हे ठरवण्याचा हक्क तुमचा आहे, आणि शोरूम सक्ती करू शकत नाही. विमा नियामक आयआरडीएआयचे २०१७ पासूनचे नियम हेच सांगतात. पण शोरूमचं कोटेशन वाईटच असतं असंही नाही. कॅशलेसची सोय, ओळखीचं वर्कशॉप हे फायदे असतात. दुसरीकडचं कोटेशन दाखवून "हे एवढ्यात देता का?" एवढं विचारायला काय हरकत आहे?

आणखी दोन ठिकाणी पैसे वाचतात. जुनी कार विकताय? तिचा नो क्लेम बोनस गाडीसोबत जात नाही, तो तुमचा असतो. विकताना जुन्या कंपनीकडून त्याचं पत्र घ्या. ते ३ वर्षं चालतं आणि पेट्रोल कारवरून इलेक्ट्रिक कारवरही आणता येतं. ओन डॅमेजवर २० ते ५० टक्के सूट मिळते. आणि मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा: तुमच्याकडे तेवढ्या रकमेचा वेगळा अपघात विमा आधीच असेल, तर तो पुन्हा घ्यायची गरज नाही.

दादाचं काय झालं?

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं यार्डात गेलो. मागच्या बंपरला डाव्या बाजूला वीतभर ओरखडा, खाली प्लास्टिक किंचित उचललेलं. ट्रेलरवरून उतरवताना झालं असेल. सेल्समन म्हणाला, "सर, इन्शुरन्समध्ये करून टाकू." दादा म्हणाला, "कुणाच्या इन्शुरन्समध्ये? माझा तर अजून निघालाच नाही."

बंपर त्यांच्या खर्चाने बदलून मिळाला. पासिंगची तारीख नवरात्रात ढकलायला मात्र खूप ओढाताण झाली. मॅनेजरपर्यंत जावं लागलं. "स्कीम संपेल सर" हेही ऐकून घेतलं. शेवटी जुन्या ऑफरची किंमत ईमेलवर लिहून घेतली आणि मगच दादा उठला. मावशी मात्र खूश. तिला बंपरचं काही पडलं नव्हतं, गाडी दसऱ्याला आली एवढंच पुरे होतं.

तर मंडळी, वेटिंग म्हणजे नुसतं रोज अॅपवर स्टेटस बघणं नाही. जोवर पैसे तुमच्या खात्यात आहेत, तोवर तुमचे फोन उचलले जातात. प्रश्न तेव्हाच विचारून घ्या. चावी मिळाल्यावर आपण फोटो काढण्यात गुंग असतो, आणि पॉलिसीची पीडीएफ व्हॉट्सअॅपवर न उघडता पडून राहते.

तुमची गाडी वेटिंगवर असेल, तर हा भाग घरात जो पैसे भरणार आहे त्याला पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर हेल्मेट, सीटबेल्ट आणि मोबाइलची चार्जिंग, तिन्ही सांभाळा!