नव्या कोचला किती शनिवार द्यायचे?

१० सप्टेंबर २०२२, शनिवार. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, लिंकन शहरातल्या मेमोरियल स्टेडियमवर नेब्रास्का विद्यापीठाचा फुटबॉल संघ जॉर्जिया सदर्न या तुलनेनं लहान विद्यापीठाकडून ४५-४२ असा हरला. दुसऱ्याच दिवशी मुख्य प्रशिक्षक स्कॉट फ्रॉस्ट यांना काढल्याचं जाहीर झालं. मुदतीआधी करार मोडल्याबद्दल त्यांना सुमारे १.५ कोटी डॉलर द्यावे लागणार होते. १ ऑक्टोबरपर्यंत, म्हणजे जेमतेम तीन आठवडे कळ काढली असती, तर हीच रक्कम निम्म्यावर आली असती. पण तेवढीही कळ काढायला कुणी तयार नव्हतं. तीन आठवडे लवकर सुटका करून घेण्याचे ७५ लाख डॉलर पडले आणि विद्यापीठानं ते मोजले.

आता नेब्रास्काचे प्रेक्षक उतावळे होते म्हणावं, तर तसंही नाही. नोव्हेंबर १९६२पासून या मैदानावरच्या प्रत्येक सामन्याची तिकिटं संपलेली आहेत. २०२१ साली ही परंपरा तुटायची वेळ आली, तेव्हा देणगीदारांनी उरलेली तिकिटं विकत घेतली आणि परिस्थितीनं मागे राहिलेल्या मुलांना सामना बघायला पाठवलं. फ्रॉस्ट यांच्या पहिल्या हंगामात संघ ओळीनं सहा सामने हरला, तरी स्टेडियम चाहत्यांच्या लाल कपड्यांनी भरलेलंच राहिलं. मग असा धीर नेमका कुठून येतो, कशावर टिकतो आणि कधी संपतो? मला हा प्रश्न खेळापेक्षाही मोठा वाटतो, म्हणून तो जरा सावकाश उलगडून बघू.

आधी या खेळाची थोडी ओळख. हा फुटबॉल म्हणजे लांबट चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकन फुटबॉल. चेंडू असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्याकडे. कॉलेजचे सामने मुख्यतः शनिवारी होतात. नियमित हंगामात सामने १२, त्यातले घरच्या मैदानावर सातएक. सहा जिंकले तर हंगामानंतरच्या ‘बोल’ सामन्याचं निमंत्रण मिळण्याची पात्रता येते. म्हणजे चाहत्याला वर्षाकाठी बारा शनिवार मिळतात. नव्या प्रशिक्षकाला तीन वर्षं द्या, असं कुणी म्हणतो तेव्हा तो छत्तीस शनिवार मागत असतो.

नेब्रास्काला हे शनिवार फार मोलाचे. राज्याची लोकसंख्या २० लाखांच्या आसपास आणि व्यावसायिक फुटबॉलचा संघ राज्यात एकही नाही. सामन्याच्या दिवशी स्टेडियममध्ये ८५ हजारांच्या आसपास माणसं जमतात, म्हणून त्या दिवशी ओमाहा आणि लिंकननंतरचं राज्यातलं तिसरं मोठं शहर म्हणजे हे स्टेडियम, असं तिथले लोक सांगतात. मक्याच्या शेतांमधून लाल कपडे घातलेली कुटुंबं गाड्यांनी येतात. कोबी, कांदा आणि मांसाचं सारण भरलेला, रुन्झा नावाचा पाव हातात घेऊन आपापल्या जागी बसतात. ते टॉम ओसबोर्न यांच्या काळाच्या आठवणी काढतात. ओसबोर्न १९७३ ते १९९७ असे पंचवीस हंगाम प्रशिक्षक होते. पहिली पाच वर्षं त्यांना प्रतिस्पर्धी ओक्लाहोमाला एकदाही हरवता आलं नाही आणि पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं ते बाविसाव्या हंगामात, १९९४ साली. लोक तेव्हाही कुरकुरत. पण दरवर्षी किमान नऊ विजय पदरात पडत होते आणि नऊ विजयांवर माणूस पुष्कळ दिवस वाट बघू शकतो. पुढे २००३ साली प्रशिक्षक फ्रँक सोलिच यांना नियमित हंगामात नऊ सामने जिंकूनही काढलं गेलं, २०१४ साली बो पेलिनी यांचंही तेच झालं. माझ्या मते घर मोडायला सुरुवात झाली ती तिथून. फ्रॉस्ट आले तेव्हा संघ नव्यानं उभा करण्यावाचून गत्यंतर उरलं नव्हतं.

‘नव्यानं उभा करणं’ म्हणजे काय, हे कळायला वयाचा हिशेब मांडावा लागतो. संघातली मुलं साधारण अठरा ते तेवीस वर्षांची. बारावीत असतानाच डिसेंबरात ती विद्यापीठाशी करार करतात आणि पाच वर्षांत चार हंगाम खेळतात. एक वर्ष नुसतं सरावात आणि वजन-ताकद कमावण्यात घालवायची मुभा असते, त्याला रेडशर्ट म्हणतात. २०१८पासून त्या वर्षात चार सामन्यांपर्यंत खेळलं तरी ते वर्ष वाया जात नाही. नवा प्रशिक्षक बहुधा नोव्हेंबरच्या शेवटी नेमला जातो. म्हणजे पहिली तुकडी निवडायला त्याच्या हातात काही आठवडेच असतात, आणि त्या तुकडीतली बरीच मुलं आधीच्या माणसाच्या शब्दावर आलेली असतात. त्यानं स्वतः हेरलेली, घरी जाऊन आईवडिलांशी बोलून आणलेली पहिली खरी तुकडी वर्षभरानं येते. ती मुलं अंगानं आणि डोक्यानं तयार होतात तेव्हा प्रशिक्षकाचा तिसरा, कधी चौथा हंगाम चालू असतो. लोक सरसकट तीन वर्षं म्हणतात, त्यामागचं गणित हे आहे.

हे गणित सगळ्यांत स्पष्ट दिसतं ते ऑफेन्सिव्ह लाइनमध्ये, म्हणून तिथे जरा थांबतो. ही पाच माणसांची भिंत. मधे सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, टोकांना टॅकल. चेंडू घेऊन धावणं किंवा झेल घेणं यांच्या वाट्याला जवळजवळ कधीच येत नाही, म्हणून टीव्हीवर यांची नावंही फारशी ऐकू येत नाहीत. सेंटरनं दोन पायांमधून चेंडू मागे दिला की टॅकल मागे सरकतो, गुडघे वाकवून, हात छातीसमोर, तळवे उघडे. समोरून धावत येणाऱ्याच्या छातीवर तळवे आधी टेकले तर बाजी याची. त्याचे हात आत घुसले तर हा उपटून निघालाच. तेवढ्यात समोरचे दोघं आपापसात जागा बदलतात. बाहेरचा आत शिरतो, आतला वळसा घालून बाहेर येतो. आता टॅकलनं आपला माणूस शेजारच्या गार्डच्या हवाली करायचा आणि त्याचा माणूस आपल्या अंगावर घ्यायचा. बोलायला वेळ नसतो. दोघांपैकी एकाला जरी वाटलं की आपण आपल्याच माणसाला धरून ठेवावं, तरी मधे भगदाड पडतं आणि मागे चेंडू घेऊन उभा असलेला क्वार्टरबॅक आडवा होतो.

हे काम करणारा गडी १३५ ते १४५ किलोंचा लागतो. बारावीतून येणारं पोर उंच असतं, पण त्याच्यात एवढं वजन, एवढी ताकद आणि तरीही चपळ पाय असं सगळं एकदम सहसा नसतं. ते दोन-तीन वर्षांच्या व्यायामशाळेनं आणि जेवणानं येतं. शेजाऱ्याला न विचारता त्याच्या मनातलं ओळखणं तर त्याच पाच जणांनी हजारो वेळा एकत्र सराव केल्यावरच येतं. क्वार्टरबॅक एका हिवाळ्यात आणता येतो. पाच जणांची ही समज अशी आणता येत नाही. नेब्रास्कानं आपली कीर्ती याच भिंतीवर उभी केली होती. आसपासच्या गावांतली शेतकऱ्यांची पोरं शिष्यवृत्तीशिवाय, ‘वॉक-ऑन’ म्हणून येत आणि चौथ्या-पाचव्या वर्षी मैदानात उतरत. २०२५पासून संघात १०५ खेळाडूंची मर्यादा आली, त्यामुळे ही वाट अरुंद झाली आहे. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण पाच वर्षं थांबायला तयार असलेल्या मुलांना जागा देणारी तीच एक व्यवस्था होती.

आता चाहत्यांकडे येऊ. संघ हरतोय हे सगळ्यांनाच दिसतं. धीर टिकतो तो कसा हरतोय यावर. फ्रॉस्ट स्वतः १९९७च्या विजेत्या संघाचे क्वार्टरबॅक, याच राज्यातल्या वुड रिव्हर गावचे. नेब्रास्काचे प्रशिक्षक होण्याआधी सेंट्रल फ्लोरिडाच्या संघाला त्यांनी दोन हंगामांत १३-० पर्यंत नेलं होतं. ते तिथे येण्याआधीच्या वर्षी तो संघ बाराही सामने हरला होता. घरचाच मुलगा परत आला म्हटल्यावर लोकांनी त्याला भरभरून उधार दिलं. २०२१ साली त्यांचा संघ ३-९ असा संपला आणि नऊच्या नऊ पराभव दहापेक्षा कमी गुणांचे होते. हे वाचून कुणी म्हणेल, थोडक्यातच हुकतंय, जमेल लवकरच. पहिल्या-दुसऱ्या वर्षी हा युक्तिवाद बरोबर ठरला असता. चौथ्या वर्षी त्याचा अर्थ पालटतो. मोक्याच्या क्षणी पुन्हापुन्हा त्याच चुका होत असतील, तर संघ घडत नाहीये, फक्त वय वाढतंय. जाणत्या चाहत्यांनी हे ओळखलं होतं, आणि जॉर्जिया सदर्नचा सामना फक्त निमित्त झाला. सव्वाचार हंगामांचा हिशेब होता १६ विजय, ३१ पराभव.

त्यानंतर आले मॅट रूल, आठ वर्षांच्या, ७.४ कोटी डॉलरच्या करारावर. त्यांची ख्याती पडझड झालेले संघ उभे करण्याचीच. टेंपल विद्यापीठात पहिल्या वर्षी २-१०, दुसऱ्या वर्षी ६-६, तिसऱ्या वर्षी दहा विजय. बेलर विद्यापीठात पहिल्या वर्षी १-११, मग ७-६, मग ११-३. हे आकडे नेब्रास्काच्या लोकांना पाठ झाले, कारण धीर धरायला तारीख लागते आणि रूल यांच्या पूर्वीच्या कामानं ती दिली होती: तिसरा हंगाम. लिंकनमध्ये २०२३ साली ५-७. शेवटचे चारही सामने सात किंवा त्याहून कमी गुणांनी गेले. २०२४ साली ७-६, आणि २०१६नंतर पहिल्यांदाच बोल सामना, तोही जिंकला. मग २०२५चा, सगळ्यांनी मनात खूण करून ठेवलेला तिसरा हंगाम आला, आणि तोही ७-६ असाच संपला. नोव्हेंबरच्या पहिल्या दिवशी क्वार्टरबॅक डिलन रायोला याचं पायाचं हाड मोडलं. नियमित हंगामाचा शेवट आयोवाकडून ४०-१६ अशा पराभवानं झाला. डिसेंबरात रायोलानं संघ सोडायचं ठरवलं. त्याचे वडील याच विद्यापीठाचे नावाजलेले सेंटर होते, तरीही.

कारण खालची जमीनच आता बदलली आहे. २०१८च्या ऑक्टोबरात ट्रान्सफर पोर्टल आलं: खेळाडूनं नाव नोंदवायचं आणि इतर विद्यापीठांनी त्याच्याशी थेट बोलायचं. २०२१पासून पहिल्या बदलीनंतर वर्षभर बाहेर बसायची अटही गेली. त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावाचे आणि प्रतिमेचे पैसे कमावता येऊ लागले, आणि २०२५पासून विद्यापीठं त्यांना थेट पैसे देऊ लागली. तीन वर्षं जपलेलं रोप आता शेजारचा मुळासकट उचलून नेऊ शकतो. उलट बाजूनं, रिकामं वावरही एका हंगामात हिरवं दिसू शकतं.

त्याचं उदाहरण म्हणून सगळे इंडियाना विद्यापीठाकडे बोट दाखवतात. २०२३ साली ३-९. मग प्रशिक्षक कर्ट सिग्नेटी आले आणि २०२४ साली ११-२, पुढच्या वर्षी १६-० आणि थेट राष्ट्रीय विजेतेपद. हे बघून प्रत्येक गावचा चाहता विचारतो, त्यांना जमतं तर आपल्याला का नाही? प्रश्न साहजिक आहे. पण सिग्नेटी एकटे आले नव्हते. जेम्स मॅडिसन विद्यापीठातले त्यांचे तेरा खेळाडू पहिल्याच वर्षी त्यांच्या मागोमाग आले, आणि तिथे ते त्याआधी पाच हंगाम संघ बांधत होते. वाट बघितली गेलीच होती, फक्त ती जेम्स मॅडिसनच्या गावच्या, हॅरिसनबर्गच्या लोकांनी बघितली. दोन वर्षांत संघ उभा राहतो असं म्हणताना वाट बघण्याची वर्षं कुणाच्या खात्यातून गेली, हे बघायला हवं.

आणि ज्यांनी पूर्वी वाट बघितली, तेही बदललेत. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात फ्रँक बीमर १९८७ साली प्रशिक्षक म्हणून आले. सहा हंगामांनंतर त्यांची नोंद होती २४ विजय, ४० पराभव, २ बरोबरी. सहावा हंगाम, १९९२चा, २-८-१. त्यात रटगर्सविरुद्धचा सामना ५०-४९ असा अगदी शेवटच्या डावात हातचा गेला होता. विद्यापीठानं त्यांना ठेवलं, मात्र सहायक प्रशिक्षकांत मोठे बदल झाले. १९९३ साली नऊ विजय मिळाले आणि तिथून २०१५ साली निवृत्त होईपर्यंत ओळीनं तेवीस वर्षं त्यांचा संघ बोल सामन्याला पात्र ठरला. त्याच व्हर्जिनिया टेकनं सप्टेंबर २०२५मध्ये ब्रेंट प्राय यांना चौथ्या हंगामातल्या तीन सामन्यांनंतर काढलं. प्राय यांचं काम चांगलं चाललं होतं, असं मी म्हणणार नाही. पण आज बीमर असते तर १९९३ त्यांना दिसलं नसतं, याबद्दल मला शंका वाटत नाही.

नेब्रास्कानं मात्र २०२५च्या ऑक्टोबरअखेर, हंगाम चालू असतानाच, रूल यांचा करार २०३२पर्यंत वाढवला. त्याबद्दल चाहत्यांत दोन तट आहेत आणि दोघांचंही म्हणणं मला समजतं. २०२६चा हंगाम त्यांचा चौथा. या वेळी लिंकनमधला सामना बघायचा योग आला, तर धावफलक थोडा वेळ बाजूला ठेवा. तिसरा प्रयत्न असेल, एकच यार्ड हवा असेल, समोरच्यांनाही ठाऊक असेल की चेंडू मधूनच जाणार. तेव्हा चेंडूकडे न बघता त्या पाच जणांकडे बघा. चेंडू सुटल्यावर त्यांची पहिली पावलं एकदम पडतात का, आणि पुढे पडतात का.