एकटीचा नैवेद्य

गौरी-गणपतीच्या दिवसांत ठाणे, कल्याण, डोंबिवलीस कीर्तन आटोपले, की एखादी सून आम्हांस हळूच विचारते, “बुवा, घरात देवाचे कोणीच करीत नाही. माझा एकटीचा नैवेद्य पोहोचेल काय?”

पोहोचतो, माउली! गीतेच्या नवव्या अध्यायात भगवंतांनी पान, फूल, फळ, पाणी एवढेच भक्तीने मागितले. घराची संमती मागितली नाही. उद्योगपर्वात दुर्योधनाची पक्वान्ने नाकारून श्रीकृष्ण विदुराघरी जेवले, तेही त्याच हस्तिनापुरात!

स्वयंपाक होताच वाटीभर वरणभात वेगळा काढावा, पाण्याच्या चौकोनी मंडलावर ठेवून तुळशीपत्र वाहावे. भुकेल्यास ताटकळत ठेवू नये. मागेल त्यास प्रसाद वाढावा. वाद वाढवू नये.