वाडा एक, बिऱ्हाडे अनेक

हैदराबादजवळच्या शादनगर केंद्रात १९७९ पासून लँडसॅट उपग्रहाची माहिती उतरू लागली. १९८८ मध्ये आपल्या ‘आयआरएस-१ए’ उपग्रहाची भर पडली. ही माहिती साठवायची तो काळ चुंबकीय फितीच्या जाडजूड रिळांचा. फीत अजूनही हद्दपार झालेली नाही. आज ‘एलटीओ’ या प्रकारच्या फितीच्या नवव्या पिढीच्या, म्हणजे एलटीओ-९च्या, तळहाताएवढ्या कार्ट्रिजमध्ये १,०३५ मीटर फीत असते आणि तिच्यात १८ टेराबाइट डेटा मावतो.

अशी शेकडो कार्ट्रिज यंत्रहाताने काढणारे-ठेवणारे कपाट म्हणजे टेप लायब्ररी. तिचे ‘पार्टिशन’ म्हणजे वाटणी करताना भिंत घालत नाहीत. खण आणि ड्राइव्ह वाटून दिले जातात, यंत्रहात सामाईक राहतो; जुन्या वाड्यात बिऱ्हाडे वेगळी आणि आड एकच, तसे. प्रत्येक बॅकअप सॉफ्टवेअरला आपला वाटा हीच अख्खी लायब्ररी वाटते, त्यामुळे एकाने दुसऱ्याच्या फितीवर लिहिण्याचा धोका टळतो. ड्राइव्हशिवाय वाटा मात्र निरुपयोगी.

वाटणीमागे अनेकदा पिढ्यांचे भांडणही असते. एलटीओ-९ ड्राइव्ह एलटीओ-८ वाचतो, एलटीओ-७ नाही. मग जुन्या फिती जुन्या ड्राइव्हसह वेगळ्या वाट्यात. पिढी ओळखायची ती बारकोडच्या शेवटच्या दोन चिन्हांवरून: ‘एल८’, ‘एल९’.

एलटीओ-५पासून खुद्द फितीचेही भाग पाडता येतात. एलटीएफएस ही फितीवरची फाइल-व्यवस्था एका भागात सूची ठेवते, दुसऱ्यात मजकूर. यालाही नाव ‘पार्टिशन’च, गोष्ट निराळी. नवखे इथेच गोंधळतात.

फितींच्या दीर्घ साठवणीला १६ ते २५ अंश सेल्सिअस तापमान हवे. हैदराबादच्या मे महिन्यात ते वातानुकूलनाशिवाय अशक्यच.