भूमितीचेही पुंज असतात?

आइन्स्टाइनने १९१५ मध्ये गुरुत्वाकर्षण म्हणजे अवकाश-कालाची वक्रता, असे सांगितले. पुढे दहा-अकरा वर्षांत हायझेनबर्ग आणि श्रोडिंगर यांनी पुंजयामिकी उभी केली. दोन्ही सिद्धांत आपापल्या क्षेत्रात कसोटीला उतरले. पण पुंजयामिकी काळ आयता गृहीत धरते, तर सापेक्षतेत काळ आणि अवकाश वस्तुमानाच्या प्रभावाने बदलतात. हा पेच सोडवण्याचा सरळ दिसणारा मार्ग म्हणजे सपाट अवकाश गृहीत धरून त्यावरच्या बारीक लहरींना पुंजांचे रूप देणे. १९८५-८६ मध्ये गोरॉफ आणि साग्नोटी यांनी दाखवले, की या गणितात दुसऱ्याच टप्प्यावर न आवरणारे अनंत उगवतात. यातून गुरुत्वाकर्षणाला पुंजरूप देताच येत नाही, असा निष्कर्ष काढण्याची घाई नको. दोष त्या सपाट गृहीतकाचाही असू शकतो. स्ट्रिंग सिद्धांताने बिंदुकणांऐवजी तंतू मानून वेगळी वाट काढली, म्हणून हे अपयश एकट्याने निर्णायक ठरत नाही. तरीही, भूमिती हीच भौतिक राशी असेल तर पुंजांचे नियम थेट तिलाच लावून पाहायला हवेत.

ते कसे करायचे, याची किल्ली शिरपूरला जन्मलेल्या अभय अष्टेकरांनी १९८६ मध्ये दिली. त्यांच्या नव्या चलांमुळे आइन्स्टाइनची समीकरणे कणभौतिकीतल्या क्षेत्रांच्या समीकरणांसारखी मांडता आली. त्या पायावर रोवेल्ली आणि स्मोलिन यांनी १९९५ मध्ये क्षेत्रफळ आणि घनफळ ठरावीक मूल्येच घेऊ शकतात, असे गणिताने दाखवले. हे पुंज इतके सूक्ष्म, की त्यांचे माप ठरवणारी प्लांक लांबी मीटरच्या सुमारे १.६ गुणिले १० चा उणे ३५ वा घात एवढीच आहे. २००६ मध्ये अष्टेकर, पावलोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी विश्वाच्या एका सोप्या प्रतिमानाला हे नियम लावले. त्यात महास्फोटाच्या क्षणी घनता अनंत होण्याऐवजी एका मर्यादेला थबकली आणि त्याआधीचे आकुंचन पावणारे विश्व उसळून प्रसरण पावू लागले. सापेक्षता जिथे हात टेकते, तिथे समीकरणे चालत राहिली.

आक्षेप मात्र खरे आहेत. अवकाश दाणेदार असेल तर वेगवेगळ्या ऊर्जेच्या प्रकाशाचा वेग किंचित भिन्न असावा, असा एक तर्क होता. २००९ मध्ये फर्मी दुर्बिणीने सुमारे ७ अब्ज वर्षे प्रवास करून आलेला गॅमा किरणांचा स्फोट टिपला; त्यातला अतिऊर्जावान फोटॉन इतरांपेक्षा फार मागे पडला नव्हता. पण इलेक्ट्रॉनची फिरकीही दोनच मूल्ये घेते आणि तरी दिशांची समानता मोडत नाही. तसेच ठरावीक क्षेत्रफळांमुळे सापेक्षतेची सममिती मोडलीच पाहिजे असे नाही. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. कृष्णविवराच्या एन्ट्रॉपीचे हॉकिंग यांचे सूत्र या सिद्धांतातून मिळते, पण पूर्वी मुख्यतः एक मुक्त स्थिरांक त्यासाठी जुळवून घ्यावा लागे. म्हणून या जुळणीला स्वतंत्र पुरावा म्हणता येत नाही. शिवाय या पुंजांतून आपल्या अनुभवातला सलग अवकाश-काल उभा राहतो, हे पूर्णपणे सिद्ध व्हायचे आहे. म्हणून या मार्गाला सिद्ध सत्य म्हणणे चूक ठरेल. पण सापेक्षतेचा मूळ धडा, म्हणजे भूमिती हा आयता रंगमंच नसून नाटकातले एक पात्र आहे, हा मार्ग गांभीर्याने घेतो. पुढचा जो कोणी सिद्धांत हा धडा बाजूला ठेवेल, त्याला तसे का करता येते याचे उत्तर द्यावे लागेल.