मल्टिपल स्क्लेरॉसिस आणि विषाद : एक दुर्लक्षित अनुबंध

चरकाचार्यांनी सूत्रस्थानातील अग्र्यसंग्रहात रोग वाढविणाऱ्या भावांमध्ये विषादास अग्रस्थान दिले आहे. विद्यार्थिदशेत आपण सर्वांनी हे पाठ केले. परंतु त्याचा अर्थ मला जव्हार-मोखाड्यातील व्यवसायात, स्वतःच्या एका चुकीनंतर उमगला.

काही वर्षांपूर्वी मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावरून तिशीतील एक भगिनी माझ्याकडे आली. पायांत बधिरता होती, चालताना तोल जात असे. नाशिक येथे एम.आर.आय. होऊन मल्टिपल स्क्लेरॉसिसचे निदान झाले होते. वातव्याधीचे सूत्र धरून मी स्नेहन व सर्वांग पेटीस्वेद योजिला. स्वेदनानंतर तिचे पाय लुळे पडल्यासारखे झाले, दृष्टी अंधुक झाली. अंग निवल्यावर लक्षणे ओसरली. परंतु ‘‘औषधानेही वाढतंय, म्हणजे आता काही उरलं नाही,’’ असे म्हणून ती गप्प झाली. ते मौन मी दौर्बल्य समजलो. महिन्याभराने तिचा भाऊ येऊन म्हणाला, ‘‘डॉक्टर, ताई मरणाची भाषा बोलते.’’

व्याधीचे स्वरूप

या व्याधीत शरीराची प्रतिकारयंत्रणाच मेंदू, मज्जारज्जू व दृष्टिनाडी यांतील तंतूंच्या आवरणावर आघात करते. शार्को यांनी १८६८ मध्ये पॅरिस येथे त्याचे सविस्तर वर्णन केले. बहुधा २० ते ४० या वयात तो प्रकट होतो; स्त्रियांत प्रमाण अधिक. शरीराची उष्णता वाढली की आवरण गमावलेल्या तंतूंतील वहन मंदावते व लक्षणे तात्पुरती वाढतात. श्रमानंतर दृष्टी मंदावते, हे उथॉफ यांनी १८९० मध्येच नोंदविले होते. माझ्या पेटीस्वेदाने नेमके हेच घडविले.

विषादाची दोन मुळे

या रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांना आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्य ग्रासते. त्याचे एक मूळ परिस्थितीत असते. दिवाळीनंतर आपल्याकडील कुटुंबे भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर जातात; रुग्ण वृद्धांसोबत पाड्यावर राहतो. विहिरीवरून हंडा आणणे, भात-नागलीची लावणी करणे जिला जमत नाही, ती स्वतःला ओझे मानू लागते. थकवा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून घरचे त्यास आळस म्हणतात. दुसरे मूळ मेंदूतील दाहात व क्षतांतच असते. म्हणून यास मनाचा दुबळेपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

थकवा, निद्रानाश व एकाग्रतेचा अभाव ही लक्षणे दोन्ही व्याधींत समान असल्याने वैद्याची फसगत होते. यास्तव प्रत्येक भेटीत दोन प्रश्न विचारावेत : गेल्या दोन आठवड्यांत मन उदास, निराश राहते काय? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतील गोडी गेली आहे काय? उत्तर होकारार्थी असल्यास मृत्यूच्या विचारांविषयीही स्पष्ट विचारावे. विचारल्याने तसे विचार मनात रुजतात, ही समजूत निराधार आहे.

चिकित्सेची दिशा

उष्ण स्वेदन टाळावे. रोगप्रतिकारशक्ती वाढविणारी म्हणून दिली जाणारी रसायने येथे सरसकट देऊ नयेत. मज्जाविकारतज्ज्ञांची औषधे परस्पर बंद करू नयेत. सत्त्वावजय, सकाळच्या गारव्यातील माफक व्यायाम व नातेवाइकांचे समुपदेशन हे आपले क्षेत्र होय. परंतु तीव्र विषादात मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठविण्यात कमीपणा नाही. आत्महत्येचा विचार ही तातडीची अवस्था समजावी. १४४१६ ही ‘टेलि-मानस’ सेवा २०२२ पासून विनामूल्य उपलब्ध आहे. दिव्यांग हक्क अधिनियम २०१६ मध्ये या व्याधीचा समावेश असल्याने प्रमाणपत्रासाठी रुग्णास मार्गदर्शन करावे.

त्या भगिनीस मानसोपचारतज्ज्ञांची औषधे सुरू झाली. पुढे मी दर पंधरवड्यास केवळ तिचे ऐकण्यासाठी वेळ राखून ठेवला. व्याधी गेलेली नाही. ती काठी घेऊन चालते. परंतु आता ती ओट्यावर बसून नागली पाखडते, शेजारणींशी बोलते आणि पुढील भेटीची तारीख स्वतः विचारते.

वैद्यबंधूंनो, नाडीपरीक्षा करताना रुग्णाच्या मौनाचीही परीक्षा करावी, एवढेच या अनुभवाने शिकविले.