दारात आलेली छोटी चेटकीण

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी आजचा भाग लिहून देतोय.

कामासाठी स्टॉकहोमला आलो, त्या वर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी बेल वाजली. दार उघडतो तर तीन पोरं. डोक्याला रुमाल, गालांवर लाल ठिपके, एकीच्या हातात किटली. मला एक चित्र दिलं आणि गोळ्या मागितल्या. ह्या ईस्टरच्या चेटकिणी. त्या रात्री चेटकिणी झाडूवर बसून ब्लोकुल्लाला, म्हणजे सैतानाच्या मेजवानीला जातात, अशी इथली जुनी समजूत. म्हणून लोक झाडू लपवायचे, ईस्टरला आग पेटवायचे.

यातला सैतान ख्रिस्ती धर्माबरोबर आला, पण रात्री स्वार होऊन फिरणारी बाई त्याहून जुनी वाटते. स्वीडनमधल्या वेस्टरयोटलंडच्या १३व्या शतकातल्या कायद्यात ती भेटते. आणि गंमत बघा, तिथे एखाद्या बाईला 'तुला मोकळ्या केसांनी फाटकावर स्वार झालेली पाहिलं' असं म्हणणं हाच अपमानाचा गुन्हा होता.

चारशे वर्षांनी सगळं उलटलं. १६६८ ते १६७६ या काळात हाच आरोप पुरावा झाला, आणि साक्षीदार कोण? लहान मुलं! 'अमकीने मला ब्लोकुल्लाला नेलं' एवढं पुरायचं. टोर्सोकेर भागात पाद्र्याने दोन मुलांना चर्चच्या दारात उभं केलं, आत येणाऱ्यांतल्या चेटकिणी ओळखायला. एकाने चक्क पाद्र्याच्या बायकोकडे बोट दाखवलं. तिने थोबाडीत दिली, तसा तो म्हणाला, डोळ्यांवर ऊन आलं होतं! ती वाचली. १६७५ मध्ये तिथे ७१ जणांचा शिरच्छेद करून त्यांना जाळलं, बहुतेक बायकाच.

आम्ही युजरने भरलेला साधा फोन नंबरही तपासल्याशिवाय पुढे पाठवत नाही. इथे जीव जात होते आणि तपासणी शून्य. १६७६ मध्ये स्टॉकहोमला मुलांची उलटतपासणी झाली, त्यांनी खोटं बोलल्याचं कबूल केलं, आणि खटले थांबले.

'परदेशातली जुनी गोष्ट' म्हणून सोडू नका. अमुक व्यक्ती करणी करते असं जाहीर करणं आपल्या महाराष्ट्रात गुन्हा ठरायला २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा यावा लागला.

त्या पोरांना मी आजही गोळ्या देतो. सण छानच आहे. फक्त कुणी कुणाकडे बोट दाखवलं की आधी विचारा, 'तू स्वतः पाहिलंस का?'

भेटू पुढच्या भागात!