चेंडू बॅटीतून आरपार का जातो?

पडद्यावरचा खेळ आपल्याला सलग चाललेला दिसतो. पण संगणक तो तुकड्यातुकड्यांनी चालवीत असतो. सेकंदाचे बहुधा साठ भाग पाडावयाचे, प्रत्येक भागाच्या शेवटी वस्तू कोठे पोचल्या ते मांडावयाचे, आणि कोणी कोणाला भिडले आहे काय ते पाहावयाचे, असा हा साधा क्रम. वस्तू सावकाश चालत असतील तोवर यात काही बिघडत नाही.

आता क्रिकेटच्या खेळातील ताशी 144 किलोमीटर वेगाचा चेंडू घेऊ. म्हणजे सेकंदाला 40 मीटर, एका भागात सुमारे 67 सेंटिमीटर. आणि बॅटची जाडी ती केवढी? तीन-चार बोटे! एका क्षणी चेंडू बॅटच्या पुढे, पुढच्या क्षणी मागे. स्पर्श दोन्ही वेळा नाही. दोन्ही उत्तरे खरीच आहेत. पण यष्टी मात्र उडाली, आणि ज्या मुलाने बॅट नेमकी आडवी धरली होती त्याची तक्रार आम्हांस तरी रास्त वाटते.

सेकंदाचे आणखी बारीक तुकडे पाडावेत, असे कोणी सुचवील. तुकडे दहापट केले की हिशेबही दहापट वाढतो, आणि बंदुकीची गोळी तरीही निसटतेच. तेव्हा प्रश्नच बदलला पाहिजे. चेंडू कोठे आहे, असे न विचारता तो कोणकोणत्या जागेतून गेला, असे विचारावयाचे. फरशीवरून ओले फडके ओढले की मागे ओला पट्टा उमटतो. तसा चेंडूने वाटेत व्यापलेला पट्टा धरावयाचा. यालाच जाणकार ‘स्वीप’ म्हणतात.

पण नुसता पट्टा बॅटला लागला एवढे कळून भागत नाही. केव्हा लागला तेही हवे. येथे गणिताची एक सुरेख युक्ती कामी येते. चेंडू आकसून त्याचा बिंदू करावयाचा, आणि त्याच्या त्रिज्येइतकी बॅट चहूबाजूंनी फुगवावयाची. दोघांतील अंतर बदलत नाही, पण गोळ्याच्या जागी आता एक सरळ रेषा तपासावयाची राहते. चेंडूची त्रिज्या 3.6 सेंटिमीटर आणि त्याचा मध्य बॅटपासून 23.6 सेंटिमीटरवर असेल, तर बिंदूला 20 सेंटिमीटर जावयाचे आहे. 67 पैकी 20. म्हणजे त्या भागाचा सुमारे तीन-दशांश काळ गेल्यावर टक्कर. बॅटही हलत असेल तर तिचा वेग चेंडूच्या वेगातून वजा करावा. फुगवलेल्या बॅटचे कोपरे मात्र गोलसर होतात, हे विसरता कामा नये. या फुगवण्याला गणितात मिंकोव्स्कीची बेरीज म्हणतात.

आकार वेडेवाकडे असले तर? 1988 मध्ये गिल्बर्ट, जॉन्सन आणि कीर्ती यांनी, यंत्रमानवांच्या कामासाठी, खळगे नसलेल्या दोन आकारांतील अंतर झटपट काढण्याची रीत प्रसिद्ध केली. ती खेळांनीही उचलली. अंतर काढावे, तेवढ्यात धक्का लागणे अशक्य अशी मजल पुढे जावे, पुन्हा अंतर काढावे. अंधारात भिंत चाचपीत जाणाऱ्या माणसासारखे. फिरणाऱ्या वस्तूचे टोक मध्यापेक्षा वेगाने धावते, म्हणून मजल ठरविताना त्या टोकाचा वेगही धरावा लागतो.

हा खटाटोप सर्वांसाठी परवडत नाही. एरिन कॅटो यांच्या ‘बॉक्स-टू-डी’ या यंत्रणेत हलत्या वस्तूंची वाट स्थिर भिंतींशी आपोआप तपासली जाते. दोन हलत्या वस्तूंची वाट तपासावयाची, तर त्यांतील वेगवान वस्तूवर ‘बुलेट’ अशी खूण खेळ रचणाऱ्याने स्वतः करावी लागते.